मेंदूच्या गाठीसाठी घेतलेले हायलुरोनन जेल: दोन वर्षांच्या वापरानंतर

पहिल्या तीन महिन्यांत या जेलने मला एक अतिशय देखणा निष्कर्ष मिळवून दिला आणि चौथ्या महिन्यात तो काढूनही घेतला. ती हकिगत पुढे येईलच, पण आधी वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. मेंदूच्या गाठींवर, विशेषतः ग्लिओब्लास्टोमावर, काम करणाऱ्यांसाठी विकला जाणारा हा हायलुरोनन जेलचा संच आहे. गाठीतल्या पेशी प्लास्टिकच्या सपाट तळावर वाढवण्याऐवजी मऊ, त्रिमितीय, मेंदूशी जवळीक सांगणाऱ्या माध्यमात वाढवता याव्यात आणि त्या माध्यमातून रोगप्रतिकारक पेशी गाठीपर्यंत कशा पोचतात किंवा का पोचत नाहीत हे पाहता यावे, असा त्याचा हेतू सोबतच्या पुस्तिकेत दिलेला आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण झालेल्या घोटाळ्यात निम्मा वाटा माझा होता. शिवाय याच पद्धतीचे जेल विकणारे इतरही आहेत आणि पुढे येणारे गुणदोष बव्हंशी त्या सगळ्यांनाच लागू पडतील.

मेंदूसाठी वेगळे जेल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. शरीराच्या अनेक अवयवांत पेशींमधली जागा कोलॅजनच्या तंतूंनी विणलेली असते, मेंदूच्या गाभ्यात मात्र ते तंतू जवळजवळ नसतातच. तिथे एकूण आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा व्यापणारी पेशीबाह्य जागा हायलुरोनन या लांबलचक शर्करासाखळीने, तिला धरून राहणाऱ्या ब्रेव्हिकॅन, न्यूरोकॅन, व्हर्सिकॅन आणि अ‍ॅग्रिकॅन या प्रथिनांनी आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या टेनॅसिनांनी भरलेली असते. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजन ही मंडळी मुख्यतः रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूच्या आवरणांपाशी आढळतात. ग्लिओब्लास्टोमा वाढू लागला की ही घडी विस्कटते. हायलुरोनन वाढते, ब्रेव्हिकॅनचे तुकडे पडतात, फायब्रोनेक्टिन आणि पेरिओस्टिन यांची भर पडते, ऊती ताठर होत जाते आणि टेनॅसिन-सी रक्तवाहिन्यांभोवती दाट साचते. सहा हातांचे हे अवाढव्य प्रथिन १९८३ मध्ये ग्लिओमाच्याच (ग्लिओब्लास्टोमा ज्या गटात मोडतो त्या गाठींच्या) संदर्भात वर्णन केले गेले होते, त्यामुळे या क्षेत्रात त्याला घरचा मान आहे.

रोगप्रतिकारक पेशींचे चित्र याहून विषम आहे. ग्लिओब्लास्टोमाच्या गाठीत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतच राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी यांचे प्रमाण एकूण पेशींच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गाठीच्या पेशी ओळखून मारू शकणाऱ्या टी-पेशी मात्र मोजक्याच सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच रक्तवाहिनीच्या कडेलाच रेंगाळलेल्या दिसतात. टी-पेशींना पुन्हा कामाला लावणारे निव्होलुमॅब हे औषध पुन्हा उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या ३६९ रुग्णांवर बेव्हॅसिझुमॅबशी तुलना करून तपासले गेले, तेव्हा मध्यम आयुर्मान एका गटात ९.८ महिने आणि दुसऱ्या गटात १०.० महिने निघाले. म्हणजे फरक पडलाच नाही. या अपयशाची कारणे अनेक आहेत. टी-पेशी अस्थिमज्जेतच अडकून राहतात हे २०१८ मध्ये दाखवले गेले आहे, त्यामुळे सगळा दोष मॅट्रिक्सच्या, म्हणजे पेशींमधल्या या जाळ्याच्या, माथी मारता येत नाही. पण जी टी-पेशी गाठीच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे तिला आत जाण्यापासून कोण अडवते, हा प्रश्न मॅट्रिक्सचाच आहे, आणि आम्ही हा संच त्यासाठी मागवला होता.

त्याआधी आम्हीही इतरांप्रमाणे उंदराच्या ई-एच-एस सार्कोमा या गाठीपासून काढलेले बेसमेंट मेम्ब्रेनचे (पेशींच्या थराखालच्या पातळ आधारपटलाचे) जेल वापरत होतो. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. बर्फावर द्रव राहते, उबेत घट्ट होते, आणि त्यात पेशी खुशाल वाढतात. परंतु त्याचा सुमारे ६० टक्के भाग लॅमिनिन आणि ३० टक्के भाग चौथ्या प्रकारचे कोलॅजन असतो. म्हणजे मेंदूच्या गाभ्यात ज्यांचे फारसे काम नाही तीच प्रथिने त्यात ठासून भरलेली, आणि हायलुरोननचा जो मुख्य सांगाडा हवा तोच गायब. रक्तवाहिनीच्या कडेची नक्कल म्हणून ते चालेल असे म्हणावे, तर तिथेही अडचण आहे. या जेलमधले लॅमिनिन १११ या जातीचे असते, तर वाहिनीच्या अस्तराखाली ४११ आणि ५११ या जाती असतात. उंदरांच्या मेंदूदाहाच्या प्रतिकृतीत टी-पेशी नेमक्या जिथे ४११ आहे आणि ५११ विरळ आहे तिथूनच बाहेर पडताना दिसल्या आहेत. जात बदलली की वाट बदलते, असा हा मामला आहे. त्यातच या जेलमध्ये वाढघटक मुरलेले असतात आणि त्यांत टीजीएफ-बीटा असतो, जो स्वतःच टी-पेशींना मंदावणारा आहे. २०१० मध्ये झालेल्या एका विश्लेषणात या जेलमध्ये १,८०० हून अधिक निरनिराळी प्रथिने मोजली गेली आणि बॅचगणिक त्यांची यादी बरीच बदलत असल्याचे आढळले. असे माध्यम घेऊन टी-पेशी का अडल्या हे ठरवणे म्हणजे गर्दीत कोणाचा पाय लागला हे शोधण्यासारखे आहे.

नवा संच हातात आला तेव्हा त्याचा सुटसुटीतपणा सुखद वाटला. एका कुपीत थायॉल (गंधकयुक्त) गट जोडलेले हायलुरोनन, दुसरीत थायॉल गट जोडलेले जिलेटिन, तिसरीत साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे संयुग, आणि चौथीत प्राणवायू काढून टाकलेले पाणी. हायलुरोनन कापसाच्या पांढऱ्या बोळ्यासारखे दिसते आणि पाणी घातल्यावर अर्धा तास तरी काहीच होत नाही, असे वाटत राहते. घाईने कुपी हलवली की फेस होतो, आणि तो फेस जेलमध्ये कायमचा बुडबुडा होऊन बसतो. शरीराच्या तापमानाला सावकाश फिरवत ठेवणे, एवढाच उपाय आहे. विरघळल्यावर द्रावण मधासारखे दाट होते आणि नेहमीच्या पिपेटच्या टोकाला चिकटून राहते, म्हणून टोकाचा शेंडा कापून भोक मोठे करून घ्यावे लागते. तीन घटक एकत्र केल्यावर सुमारे वीस मिनिटांत जेल बसते, असे पुस्तिका सांगते. ते बसले की नाही हे पाहण्यासाठी आम्ही प्रत्येक वेळी थोडे द्रावण वेगळ्या नळीत घेऊन ती नळी उलटी करतो. द्रावण ओघळले नाही तरच पुढे जातो. सामू ७.४ च्या खाली घसरला की वेळ लांबत जाते आणि तोवर जेलमध्ये सोडलेले गाठीच्या पेशींचे गोळे तळाला जाऊन बसतात, ही बाब पुस्तिकेत एका ओळीत उरकली आहे. ती ठळक हवी होती. कुपी एकदा उघडली की थायॉल गट हवेतल्या प्राणवायूने आपोआप एकमेकांशी जुळू लागतात. त्यामुळे उरलेले द्रावण पुढच्या आठवड्यासाठी ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. आम्ही एकदा टाळला नाही, आणि तीच घनता, तेच प्रमाण असूनही जेल निराळे बसले.

जिलेटिनची कुपी पाहून मी थोडी खट्टू झाले होते, हे कबूल करते. जिलेटिन म्हणजे मोडलेले कोलॅजन. मेंदूत तंतुमय कोलॅजन नाही म्हणून वेगळे जेल घ्यायचे आणि त्यात तेच मागच्या दाराने आणायचे, हे काही पटले नाही. पण नुसत्या हायलुरोननला बहुतेक पेशी पाय रोवून धरू शकत नाहीत, पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या पकड घेणाऱ्या प्रथिनाला पकडायला काहीतरी लागते, हे व्यावहारिक सत्य आहे. आम्ही जिलेटिनऐवजी इंटिग्रिनला धरता येणारा छोटा आरजीडी पेप्टाइड जोडून पाहिला आणि तो चांगला चालला. संचात हा पर्याय दिला असता तर उत्पादकाला दुवा दिला असता.

गाठीच्या पेशींच्या बाबतीत हा संच खरोखर चांगला आहे. रुग्णांच्या गाठींतून वाढवलेल्या पेशींचे गोळे सार्कोमाच्या जेलमध्ये गुळगुळीत, गोल, स्वस्थ बसून राहत. या जेलमध्ये त्यांना दोन-तीन दिवसांत बारीक लांब फांद्या फुटतात आणि एकेक पेशी त्या फांद्यांवरून बाहेर सरकताना दिसते. मेंदूच्या कापांत गाठीची कड पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. या पेशी सीडी-४४ या ग्राहकाने हायलुरोननला धरतात, शिवाय स्वतः हायलुरोनन तोडणारी आणि प्रथिने कापणारी विकरे सोडतात, त्यामुळे त्या आपली वाट आपणच काढतात. साखळ्या बांधणाऱ्या संयुगाचे प्रमाण बदलून जेलची ताठरता काहीशे पास्कलपासून काही किलोपास्कलपर्यंत नेता येते. निरोगी मेंदू आणि ताठरलेली गाठ यांच्यातला टप्पा त्यात बसतो, आणि गिगापास्कलमध्ये मोजाव्या लागणाऱ्या प्लास्टिकच्या तळाच्या तुलनेत ही चैनच म्हणायची. याच कारणासाठी मी हा संच आजही वापरते.

मायक्रोग्लियासाठी मत थोडे राखून द्यावे लागते. या पेशी जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिनला अत्यंत हळव्या असतात. जेलमध्ये त्याचा अंशही असला तरी त्या गाठीमुळे नव्हे, तर जेलमुळेच चवताळतात. हायलुरोनन बहुधा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या किण्वनातून मिळते. या जिवाणूला एंडोटॉक्सिन नसते, पण पुढच्या हाताळणीत ते कोठूनही शिरू शकते. संचासोबतच्या प्रमाणपत्रावर एंडोटॉक्सिनची मर्यादा छापलेली आहे, प्रत्यक्ष बॅचचा आकडा मात्र नाही, आणि मला हवा होता तो आकडा. विचारल्यावर तो मिळाला, हे नोंदवले पाहिजे. दुसरी गोष्ट साखळीच्या लांबीची आहे. दहा लाख डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड हायलुरोनन सहसा दाह शमवते, तर तुटलेल्या छोट्या साखळ्या दाह सुरू करणाऱ्या टोल-सदृश ग्राहकांना चेतवू शकतात. थायॉल जोडण्याच्या प्रक्रियेत साखळ्या आखूड होतात, त्यामुळे या संचातले हायलुरोनन निरोगी मेंदूतल्यापेक्षा बरेच आखूड आहे. मॅक्रोफेज गाठीकडे ओढल्या जाण्यात गाठीतून येणाऱ्या ऑस्टिओपॉन्टिन आणि पेरिओस्टिन यांचा हात असतो, हे दाखवणारे चांगले काम उपलब्ध आहे. ते या जेलमध्ये पुन्हा करून पाहताना आम्ही प्रत्येक वेळी गाठीशिवायचे जेल आणि मायक्रोग्लिया एवढीच जोडी शेजारी ठेवली, आणि तिथे पेशी शांत आहेत हे पाहूनच पुढचे वाचन ग्राह्य धरले.

टी-पेशींच्या वेळी नेमका हाच नेम मोडला, आणि त्याची हकिगत अशी. रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळ्या करून उत्तेजित केलेल्या टी-पेशी हिरव्या रंगाने रंगवून आम्ही जेलच्या माथ्यावर सोडल्या. जेलच्या पोटात गाठीचा गोळा होता. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके जेलच्या पृष्ठभागावर, खिडकीच्या काचेवर थबकलेल्या थेंबांसारखे, एका पातळीत पसरलेले दिसले. आत एकही नाही. तीन दात्यांच्या पेशींवर तेच. गाठ टी-पेशींना आत येऊ देत नाही याचा इतका स्वच्छ पुरावा मी आधी पाहिलेला नव्हता. मी आकृत्या रंगवून गटाच्या बैठकीत मांडल्या. नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "मॅडम, कोऱ्या जेलमध्ये किती गेल्या?"

कोरे जेल लावलेलेच नव्हते. पुढच्या आठवड्यात लावले, आणि गाठ नसलेल्या, काहीही नसलेल्या त्या जेलच्या माथ्यावरही हिरवे ठिपके तसेच थबकलेले दिसले. टी-पेशींना गाठीने अडवलेले नव्हते, जेलनेच अडवलेले होते.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. टी-पेशी गाठीच्या पेशींसारखी विकरे सोडून वाट खोदत बसत नाही. ती अमीबासारखी अंग आक्रसून असलेल्या फटींतून निसटते. अशा वेळी शेवटी अडते ते केंद्रक, कारण पेशीचा तोच भाग सर्वांत कमी दबतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार मॅट्रिक्स न कापता पुढे जाण्यासाठी गाठीच्या पेशीला छिद्राचे किमान ७ चौरस मायक्रोमीटर, टी-पेशीला ४, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीला २ चौरस मायक्रोमीटर क्षेत्रफळ लागते. चार चौरस मायक्रोमीटर म्हणजे सव्वादोन मायक्रोमीटर व्यासाचे छिद्र. या जेलमधल्या साखळ्यांमधले अंतर नॅनोमीटरमध्ये मोजायचे असते. अशा जाळीतून टी-पेशी जाईल ही अपेक्षाच चूक होती, आणि जी पेशी कोऱ्या जेलमधूनही जात नाही तिच्यावरून गाठीबद्दल काहीही म्हणता येत नाही.

कोरे जेल न लावणे ही माझी चूक, ती मी झाकत नाही. परंतु पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर रोगप्रतिकारक पेशींच्या शिरकावासाठी उपयुक्त असे म्हणायचे आणि आतल्या पानांत जाळीच्या मापाचा आकडा कुठेही द्यायचा नाही, ही उत्पादकाची चूक आहे. ताठरतेचा तक्ता आहे, घट्ट होण्याच्या वेळेचा आलेख आहे. छिद्राचे माप मात्र पत्र पाठवून मागवावे लागले. उत्तर सौजन्याने आले आणि त्यात प्रथिने कापणाऱ्या विकरांनी तुटणारे, साखळ्या बांधणारे संयुग वापरून पाहण्याचा सल्ला होता. तो सल्ला गाठीच्या पेशींसाठी आणि मॅक्रोफेजसाठी योग्य आहे. टी-पेशींसाठी त्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा आधी दुसऱ्या कोणीतरी बोगदे खोदून ठेवलेले असतात. गोळा चार दिवस आधी पेरून मग टी-पेशी सोडल्या, तेव्हा काही पेशी गाठीच्या फांद्यांनी पाडलेल्या वाटांनी आत जाताना दिसल्या. दृश्य मनोहर होते, पण वाट किती रुंद आहे यावरच सगळे अवलंबून असल्यामुळे मॅट्रिक्समधल्या प्रथिनाचा परिणाम वेगळा काढणे कठीण झाले.

शेवटी टी-पेशींच्या प्रयोगांसाठी आम्ही तडजोड पत्करली. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचे विरळ जाळे, ज्याची छिद्रे काही मायक्रोमीटरची असतात, आणि त्यात एकमेकींशी न बांधलेल्या लांब साखळ्यांचे हायलुरोनन. हे मेंदू नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण कोऱ्या जाळ्यात टी-पेशी मोकळ्या फिरतात, आणि त्यामुळे त्यात टेनॅसिन-सी घातल्यावर त्यांचा वेग मंदावला आणि त्या लांबट होण्याऐवजी गोल राहू लागल्या, तेव्हा तो बदल टेनॅसिनचा आहे असे म्हणण्याची सोय झाली. ग्लिओब्लास्टोमाचे मॅट्रिक्स टी-पेशींचे ध्रुवीकरण (एका दिशेला रोख धरून लांबट होणे) आणि पलीकडे जाणे रोखते आणि त्यात टेनॅसिन-सीचा वाटा आहे, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होतेच. आमचे निरीक्षण त्याच्याशी जुळते.

कोणतेही प्रथिन मिसळून पाहा, असे पुस्तिका सुचवते, त्याबाबतही एक सावधगिरी हवी. मिसळलेले प्रथिन जेलमध्ये टिकते का, हे आकारावर ठरते. टेनॅसिन-सीचे सहा हातांचे रेणू दहा लाख डाल्टनच्या पुढचे असल्यामुळे घट्ट जाळीत अडकून राहतात. ऑस्टिओपॉन्टिन त्या मानाने चिमुकले, ते माध्यम दोनदा बदलले की धुऊन जाते. आम्ही प्रतिपिंडाने रंगवून पाहिले तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याचा मागमूस नव्हता. जाळीला बांधलेले प्रथिन आणि तरंगणारे प्रथिन पेशीला दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, त्यामुळे काही परिणाम झाला नाही असे लिहिण्यापूर्वी प्रथिन तिथे उरले होते का, हे तपासायला हवे.

पेशी परत बाहेर काढण्यासाठी संचासोबत हायलुरोनिडेज हे हायलुरोनन तोडणारे विकर येते आणि ते काम नेटके करते. जिलेटिनही मोडावे म्हणून त्यात डिस्पेज हे प्रथिने कापणारे विकर घालण्याचा मोह होतो. पण ते टी-पेशींची ओळख पटवणारे सीडी-४ आणि सीडी-८ सारखे पृष्ठभागावरचे रेणूही कापू शकते, आणि मग फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे अशा रेणूंवरून पेशी मोजताना, टी-पेशी असूनही नसल्यासारख्या दिसतात. कोलॅजनेज सौम्य मात्रेत वापरलेले बरे. रंगवून छायाचित्रे घेण्याच्या बाबतीत तक्रार नाही, जेल पारदर्शक आहे आणि फॉर्मल्डिहाइडने आक्रसत नाही.

ग्लिओमाच्या पेशी कशा पसरतात, ताठरतेने त्यांच्यात काय बदलते, मायक्रोग्लियाशी त्यांची देवघेव कशी चालते, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी हा संच जरूर घ्यावा. सार्कोमाच्या जेलपेक्षा तो कितीतरी पटीने मेंदूच्या जवळ जातो. टी-पेशींसाठी घेणाऱ्यांनी आधी छिद्राचे माप लेखी मागून घ्यावे. हल्ली जनुक-अभिव्यक्तीच्या सार्वजनिक विदासंचांवरून मॅट्रिक्सचे अमुक जनुक आणि रोगप्रतिकारक पेशींचा तमुक गुणांक यांचा सहसंबंध काढून, मग एका जेलमधल्या एका प्रयोगाने त्यावर शिक्का मारण्याची रीत पडली आहे, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगते. त्या शिक्क्याची शाई जेलची असू शकते.

आमच्या शीतकपाटात सध्या दोन संच शिल्लक आहेत. दोन्हींच्या झाकणांवर मी ठळक अक्षरांत "टी-पेशींसाठी नाही" असे लिहून ठेवले आहे; त्याखाली त्याच विद्यार्थिनीने बारीक अक्षरांत लिहिले आहे, "कोरे जेल लावले का?"